सनदेची भाषा : वकील घडविणाऱ्या शिक्षणाचा इतिहास आणि सीमाभाग

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे एक जुना कागद घेऊन आले. पणजोबांच्या काळातील वाटणीपत्र होते ते. मोडीत लिहिलेले, घडीच्या जागी विरलेले. जमिनीचा दावा चालू होता. त्यांच्या वकिलांना कन्नड उत्तम येत होते आणि इंग्रजीही येत होते, पण हा कागद त्यांना वाचता येत नव्हता. वाचणारा शोधण्यात महिने गेले आणि तारखेमागून तारीख पडत राहिली. गृहस्थांसोबत त्यांची नात होती, मराठी शाळेतून बारावीपर्यंत आलेली. निघता निघता तिने विचारले, "मला वकील व्हायचं आहे. मराठी शाळेत शिकले, त्याचं नुकसान होईल का?"

या प्रश्नाला आम्ही त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. वकील होण्यासाठी काय शिकावे लागते आणि ते कोणत्या भाषेत शिकावे लागते, हे दोन प्रश्न आपल्या प्रदेशात गेली दोनशे वर्षे एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून त्या मुलीसाठी, आणि बेळगाव-निपाणीपासून बिदर-भालकीपर्यंत, गोव्यापासून वडोदऱ्यापर्यंत विखुरलेल्या आपल्या वाचकांसाठी, हा इतिहास थोडा सविस्तर मांडत आहोत.

वकिलापूर्वीचा न्याय

पेशवाईत 'वकील' हा शब्द होता, पण तो न्यायसभेतला नव्हता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारात नेमलेला प्रतिनिधी तो वकील. पुण्याचा वकील हैदराबादेस असे, नागपूरकरांचा वकील पुण्यास असे. कज्ज्यात मात्र ज्याचा वाद तोच उभा राही. फिर्याद करणाऱ्यास 'अग्रवादी' आणि समोरच्यास 'पश्चिमवादी' म्हणत. दोघे आपापला 'करीणा' लिहून देत. निवाडा मान्य करू, असे दोघांकडून जे लिहून घेतले जाई त्याला 'राजीनामा' म्हणत. आज तोच शब्द नोकरी सोडण्याच्या अर्जाला चिकटला आहे. वाद जिंकणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम ती 'हरकी', हरणाऱ्याची ती 'गुन्हेगारी'. शेवटी 'निवाडपत्र' होई.

या व्यवस्थेत शिक्षण लागे ते न्याय देणाऱ्यास. रामशास्त्री प्रभुण्यांसारखे न्यायाधीश धर्मशास्त्राचे अध्ययन करून त्या पदावर आले. याज्ञवल्क्यस्मृती, तिच्यावरील मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हे त्या अध्ययनाचे मुख्य ग्रंथ. या शास्त्रात वादाचे चार पाद सांगितले आहेत आणि त्यातल्या पहिल्या पादाचे, म्हणजे वादीने आपले म्हणणे मांडण्याच्या पायरीचे, नाव आहे 'भाषा'. नंतर 'उत्तर', मग पुराव्याची 'क्रिया', आणि शेवटी सिद्धी. वादाची सुरुवातच भाषेने होते, ही जाणीव आपल्या पूर्वसूरींना होती. पुढील दोनशे वर्षांत वकिलीच्या शिक्षणाचे जे झाले ते समजून घेताना हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सनद आणि देशी भाषेतली परीक्षा

पेशवाई १८१८ साली संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून १८२७ साली जारी झाले. त्यांतील दुसऱ्या नियमाने न्यायालयांची रचना ठरली आणि त्यांत काम चालविणाऱ्या वकिलांची तरतूदही झाली. येथून 'वकील' हा शब्द दरबारातून कोर्टात आला आणि त्याच्या हाती 'सनद' आली. सनद हाही जुनाच शब्द. पूर्वी सनदेने वतन मिळे, आता सनदेने दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळू लागला. १८४६ च्या कायद्याने हे काम कोणत्याही धर्माच्या वा राष्ट्राच्या पात्र माणसास खुले झाले.

या पहिल्या पिढीच्या वकिलास कॉलेज माहीत नव्हते. त्याची शाळा म्हणजे कचेरी. कोणी शिरस्तेदाराच्या हाताखाली कारकुनी करीत, कोणी नाझराच्या दफ्तरात नकला उतरीत. अर्ज, कैफियत, जबानी, दरखास्त, हुकूमनामा या कागदांचे मसुदे हाताखालून जाता जाता कायदा अंगवळणी पडे. इलाख्यातील खालच्या न्यायालयांचे काम देशी भाषांत चाले. पुणे-साताऱ्याला मराठी, सुरत-अहमदाबादेस गुजराती, धारवाडकडे कन्नड. म्हणून इंग्रजी फारसे न येणारा हुशार मनुष्यही वकील होऊ शके.

गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे या पिढीचे ठळक उदाहरण. साताऱ्यात जन्मलेले काका आधी न्यायखात्यात साध्या नोकरीत होते. पुढे कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि १८६५ च्या सुमारास पुण्यात वकिली सुरू केली. पुढे १८७० साली सार्वजनिक सभा उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहण्याचे धैर्यही त्यांनीच दाखविले. विद्यापीठाची पदवी नसलेला हा वकील होता. लोकांची तक्रार लोकांच्या भाषेत ऐकून ती सरकारच्या भाषेत मांडणे ही त्याची खरी विद्या होती.

पदवी आली, इंग्रजी आली

दुसरी वाट मुंबईत तयार होत होती. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत न्यायशास्त्राचे अध्यापकपद निर्माण झाले. त्यातूनच आजचे शासकीय विधी महाविद्यालय वाढले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. आधी बी.ए., मग एल्‌एल्‌.बी., मग उच्च न्यायालयाची वकिली असा जिना तयार झाला. महादेव गोविंद रानडे १८६२ साली बी.ए. आणि १८६६ साली एल्‌एल्‌.बी. झाले. बाळ गंगाधर टिळकांनी १८७९ साली एल्‌एल्‌.बी. पूर्ण केले.

या जिन्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. कचेरीतल्या ओळखीपाळखीच्या जागी परीक्षा आली. करारनामा, पुरावा, दंडसंहिता, हिंदू कायदा, मुसलमानी कायदा हे विषय शिस्तीने शिकविले जाऊ लागले. पण एक गोष्ट निसटली. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते काम मोठ्या विद्वत्तेचे आहे. तरी त्याचा अर्थ असाही होतो की, ज्या ग्रंथांवरून शंभर वर्षांपूर्वी पुण्यात न्याय होत होता, ते ग्रंथ पुण्याच्याच मुलाला आता इंग्रजीतून वाचायचे होते. अशिलाशी मराठीत बोलायचे, खालच्या कोर्टात मराठीत लिहायचे, पण विचार इंग्रजीत करायचा, अशी त्रिस्थळी यात्रा वकिलाच्या नशिबी आली. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली; ते स्वतः न्यायाधीश होते, हा योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते.

जिन्याला दोन मजले होते, हेही सांगितले पाहिजे. वरच्या मजल्यावर उच्च न्यायालयाचे वकील आणि विलायतेहून आलेले बॅरिस्टर. खालच्या मजल्यावर जिल्ह्याच्या कोर्टापुरती सनद असलेले वकील. या खालच्या सनदेची परीक्षा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली होई आणि तिला पदवीची अट नव्हती. म्हणून लहान गावांतल्या, गरीब घरांतल्या मुलांची भिस्त तिच्यावरच असे. पण अभ्यास करवून घेणारे कोणी नव्हते. ही उणीव टिळकांनी ओळखली. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी 'लॉ क्लास' चालविला. वर्तमानपत्रावर संसार चालत नसे. तो या वर्गाने काही काळ चालविला. न. चिं. केळकर १८९६ साली साताऱ्याहून पुण्यास आले ते या वर्गाला आणि वृत्तपत्रांना साह्य करण्यासाठीच. राजकारणात टिळकांनी जे युक्तिवाद केले त्यांची धार या वर्गात लागत होती.

दार कोणासाठी उघडे होते?

परीक्षा सर्वांसाठी असली तरी दार सर्वांसाठी उघडे नव्हते. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌.बी. परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. तरीही स्त्री म्हणून त्यांना वकिली नाकारली गेली. १९२३ च्या कायद्याने ही बंदी उठली. मधली सव्वीस वर्षे शिक्षण पुरे होते, सनद तेवढी नव्हती.

जातीचा अडसर तर अधिक जुना. संस्थानांत सनद देण्याचा अधिकार संस्थानिकाचा असे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी हा अधिकार वापरून अस्पृश्य मानलेल्या समाजांतील शिक्षित तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांच्यावर टीका झाली, लायकीचा प्रश्न उपस्थित झाला. पण ज्या समाजाला कोर्टाच्या पायरीवरही उभे राहण्याची भीती वाटे, त्या समाजाचा माणूस आत जाऊन बोलू लागणे म्हणजे काय, हे छत्रपतींना कळत होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले, त्यांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, आणि १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या शिक्षणाचे दार ज्यांच्यासाठी सर्वांत घट्ट बंद होते, त्यांच्यातलाच एक पुरुष त्या शिक्षणाचा प्रमुख झाला.

पुणे, कोल्हापूर, बेळगाव

पहिल्या महायुद्धानंतर कायद्याची महाविद्यालये मुंबईबाहेर आली. पुण्यात इंडियन लॉ सोसायटी स्थापन होऊन १९२४ साली तिचे महाविद्यालय सुरू झाले. ज. र. घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य. हिंदू कायद्याचे मूळ संस्कृत ग्रंथ संपादून आणि त्यांची भाषांतरे करून विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे कामही घारपुऱ्यांनी केले. कोल्हापुरात १९३३ साली शहाजी विधी महाविद्यालय निघाले. आणि १९३९ साली बेळगावात कर्नाटक लॉ सोसायटीने राजा लखमगौडा यांच्या नावाने विधी महाविद्यालय सुरू केले.

या तीन तारखा सीमाभागातल्या वाचकाने ओळीने वाचाव्यात. १९२४ पूर्वी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारच्या मुलाला कायदा शिकायचा तर मुंबई गाठावी लागे. नंतर पुणे, मग कोल्हापूर, आणि अखेर बेळगावातच त्याची सोय झाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, विद्यापीठ मुंबईचे होते, वरचे न्यायालय मुंबईचे होते. जिल्ह्यातल्या कोर्टात मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडत. त्या काळच्या बेळगावच्या वकिलाला दोन्ही भाषा यावयाच्या, कारण सकाळी अथणीचा अशील आणि दुपारी खानापूरचा अशील त्याच्याच ओसरीवर बसे.

हा मोकळेपणा दोन्ही बाजूंनी होता. कर्नाटक एकीकरणाचे अध्वर्यू आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि मुंबई विद्यापीठातून वकील झाले. त्यांच्या चळवळीशी आपले मतभेद असतील, पण त्यांच्या शिक्षणाची वाट आपल्याच वाटेवरून गेली होती. आणि बेळगावचे जे महाविद्यालय कन्नड अभिमानाच्या संस्थेने काढले, त्याच्या बाकांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या बसल्या आहेत. हे विसरून इतिहास लिहिला तर तो अर्धाच होईल.

इतर केंद्रांतील आपली माणसे

मराठी माणूस जिथे जिथे वसला तिथे तिथे वकिलीची भाषा निराळी होती.

निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडले ते उर्दू माध्यमाचे. उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते आणि कायद्याचे ग्रंथही उर्दूत उतरले. पण ती देशी भाषा मराठवाड्यातील, बिदरमधील शेतकऱ्याची नव्हती. केशवराव कोरटकरांसारखे मराठी वकील याच उर्दू कोर्टांत काम करून हैदराबादच्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत गेले. आजही भालकी-औरादकडच्या घरांत एकाच जमिनीचे कागद उर्दूत, मोडीत आणि कन्नडात सापडतात. देशी भाषा म्हणजे नेहमी लोकांचीच भाषा असे नव्हे, हा धडा उस्मानियाच्या प्रयोगातून घ्यावा.

वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांनी वेगळी वाट धरली. राजघराणे मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती; कारभार गुजरातीत चाले. कायद्याला तिथे 'निबंध' म्हणत. १९३१ साली तिथे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. कारभाराच्या आणि कायद्याच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशा भाषांतले प्रतिशब्द एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवणारा हा कोश. प्रजेची भाषा राजाने स्वीकारावी आणि इतर भाषांचे शब्दही जवळ बाळगावेत, हा त्यामागचा विचार आम्हांस आजही आदर्श वाटतो.

गोव्यात पोर्तुगीज अमलात दोन प्रकारचे वकील होते. एक पोर्तुगालातील कोइंब्रा विद्यापीठाची पदवी घेऊन आलेले, दुसरे गोव्यातच जुन्या वकिलांच्या हाताखाली शिकून, परीक्षा देऊन परवाना मिळविणारे. कायदा पोर्तुगीज, कोर्ट पोर्तुगीज, नोटरीची पुस्तके पोर्तुगीज. मात्र देवस्थानांचे आणि घराण्यांचे जुने कागद मराठीत व मोडीत. १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि कुटुंबविषयक बाबींत तिचा वारसा आजही जिवंत आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर इंग्रजी कायदा आला, आणि गोव्यातील पहिले विधी महाविद्यालय १९७३ साली पणजीजवळ मिरामारला निघाले. तेथील विद्यार्थ्याला इंग्रजी कायद्याबरोबर पोर्तुगीज संहितेचाही अभ्यास करावा लागतो, तो भूतकाळाच्या हौसेने नव्हे. अशिलाच्या घरातले कागद त्या भाषेत असतात म्हणून.

इंदूर-ग्वाल्हेरकडे दरबाराची मराठी हळूहळू मागे पडून हिंदीने कोर्ट व्यापले. तिथल्या मराठी वकिलाने हिंदी आपली केली, पण त्याच्या दफ्तरातला मोडी कागद मोडीच राहिला.

१९५६ नंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार, बिदर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सीमेच्या वादाचा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. वकिलीच्या शिक्षणापुरते काय बदलले ते पाहू. बेळगाव-कारवारसाठी विद्यापीठ त्याआधीच मुंबईऐवजी धारवाडचे झाले होते. २००९ पासून हुबळीचे विधी विद्यापीठ आहे. बेळगाव-कारवारसाठी वरचे न्यायालय मुंबईऐवजी बंगळूरचे झाले. २००८ पासून धारवाडला त्याचे पीठ आहे. खालच्या न्यायालयांची भाषा कन्नड ठरली. दुसरीकडे महाराष्ट्राने १९६४ साली राजभाषा अधिनियम केला, भाषा संचालनालयाने न्यायव्यवहाराचा परिभाषाकोश तयार केला, आणि १९९८ साली तेथील खालच्या न्यायालयांसाठी मराठीची अधिसूचना निघाली. म्हणजे मराठीतला कायद्याचा शब्दसंग्रह वाढला, पण तो सीमेच्या पलीकडे. अलीकडच्या मराठी मुलापर्यंत तो पोचला नाही.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने जुने दोन मजले मोडले. वकील, प्लीडर, मुखत्यार असे भेद जाऊन अधिवक्त्यांचा एकच वर्ग झाला. जिल्ह्याच्या सनदेची ती छोटी वाट बंद झाली आणि पदवी अपरिहार्य झाली. १९८७ साली बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा आली. २००८ पासून अशा विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ती इंग्रजीतच होते. त्यामुळे कायद्याच्या शिक्षणाचा वरचा मजला पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याचा जिना परदेशातून नव्हे, तर इंग्रजी शाळेतून चढतो.

कायद्यात भाषेसाठी काही फटी मुद्दाम ठेवलेल्या आहेत, त्यांची माहिती मात्र असावी. साक्षीदार कोर्टाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत बोलला, तर शक्य असेल तेथे त्याच भाषेत साक्ष उतरवून घ्यावी आणि भाषांतर जोडावे, असे फौजदारी प्रक्रियेत सांगितले आहे. आरोपीला पुरावा त्याला समजेल त्या भाषेत समजावून देण्याचीही तरतूद आहे. दिवाणी प्रक्रियेतही इंग्रजी न जाणणाऱ्या पक्षकाराला न्यायालयाच्या भाषेतील भाषांतर मागता येते. या तरतुदी आपोआप अमलात येत नाहीत. त्यांची आठवण करून देणारा वकील उभा असावा लागतो. मराठी साक्षीदाराचा शब्द भाषांतरात बदलला, हे ज्याला त्याच क्षणी कळते, तोच हरकत घेऊ शकतो.

त्या मुलीला उत्तर

आता त्या नातीच्या प्रश्नाकडे येऊ. वाट अशी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेशाला खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात. मागास प्रवर्गांना त्यात सवलत आहे. पदवीनंतर राज्याच्या वकील परिषदेत नोंदणी, आणि मग अखिल भारतीय वकील परीक्षा. ती इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड अशा भाषांतही देता येते. ज्यांना राष्ट्रीय विद्यापीठांत जायचे आहे त्यांनी अकरावीपासूनच इंग्रजी वाचनाची तयारी करावी. अधिवक्त्याला देशभरात कोठेही वकिली करण्याचा हक्क देणारे कलम २०११ पासून अमलात आहे. म्हणजे बेळगावची वकील कोल्हापुरात आणि कोल्हापूरचा वकील बेळगावात उभा राहू शकतो. सीमा नकाशावर आहे, सनदेवर नाही.

मराठी शाळेत शिकल्याचे नुकसान होईल का? थोडे होईल, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पहिले वर्ष इंग्रजी पुस्तकांशी झटावे लागेल. कोर्टासाठी कन्नड लिहिता-बोलता आले पाहिजे, नुसते बाजारापुरते नव्हे. काही जण कन्नड शिकणे म्हणजे माघार समजतात. आम्हांस ते मान्य नाही. आपल्या माणसाची बाजू ज्या भाषेत मांडावी लागते ती भाषा न शिकणे, यात आपल्या माणसाचेच नुकसान आहे. आलूर पुण्यात शिकले, सार्वजनिक काका सरकारच्या भाषेत लिहायला शिकले, कोरटकर उर्दू कोर्टात उभे राहिले. त्यांतल्या कोणाची मायबोली त्यामुळे उणी झाली नाही.

पण या सर्वांबरोबर जे तिच्याकडे आहे आणि इतर कित्येकांकडे नाही, ते तिने गमावू नये. मराठीची मुळाक्षरे तिला येतात, म्हणून मोडी काही महिन्यांच्या सरावात येईल. करीणा, निवाडपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, मुखत्यारपत्र हे शब्द तिच्या आजोबांच्या बोलण्यात अजून आहेत. सीमाभागातल्या जमिनीचा इतिहास याच शब्दांत लिहिलेला आहे, आणि तो वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत.

आम्हां चळवळीतल्या लोकांनाही यात काही मान्य केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चालू असलेल्या दाव्याकडे आम्ही वर्षानुवर्षे डोळे लावून बसलो, ते योग्यच होते. पण तालुक्याच्या कोर्टात आपला शेतकरी, आपली विधवा बहीण, आपला कामगार कोणाच्या तोंडून बोलतो, याकडे तेवढे लक्ष दिले नाही. मंडळे, वाचनालये आणि मराठी शाळा यांनी मनावर घेतले तर काही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत : सुट्टीत मोडीचा वर्ग, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी-कन्नड-इंग्रजी शब्दांची वही, आणि निवृत्त वकिलांच्या दफ्तरात आठवड्यातून एक दिवस बसण्याची सोय. टिळकांचा लॉ क्लास याहून मोठ्या भांडवलावर उभा राहिला नव्हता.

त्या वाटणीपत्राचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगणे राहिले. एका निवृत्त शिक्षकांनी ते दोन बैठकांत वाचून लिहून दिले. आजोबा ऐकत होते. नात शेजारी बसून वहीत एकेक मोडी अक्षर गिरवीत होती. 'त' आणि 'न' यांत तिचा गोंधळ झाला, तेव्हा शिक्षकांनी तिचा हात धरून वळण दाखविले. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, आणि या वेळी आजोबांना सोबत न घेता, दोन मैत्रिणींना घेऊन आली.